झाकणाचा दुसरा खटका

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. दादाच्या गाडीचं इंजिन वहिनीनं घालवलं नाही. मी घालवलं. आमच्या गावात, विट्याच्या गॅरेजात आणि वहिनीच्या माहेरी सगळे उलटंच धरून चाललेत, आणि त्यांना तसं धरू दिलं ते मी. तोंड मिटून.

प्रवासावर लिहायला बसलोय. रस्ता, रानं, भाकरी-कालवण सगळं येईल. पण राग आवरत नाही, हेही आताच सांगतो. कुणाकुणाचा राग ते पुढं कळेलच. सगळ्यांत वरचं नाव माझं आहे.

खंडाळा

आमचं गाव खंडाळा तालुक्यात, हायवेपासून थोडं आत. गावात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरच्या पलीकडं माणसं बोलतात, अलीकडं मी गोळ्या कापून देतो. बोलायची सवय मला नाही, कारण आमच्या घरात ते काम दादा करतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता, हवालदार म्हणून सुटला. वडील लवकर गेले, मला त्यानंच वाढवलं. वाढवताना जसा ओरडायचा तसाच अजून ओरडतो. मी पन्नाशी गाठली तरी.

घरी आल्यावर त्यानं एका शाळेनं मोडीत काढलेली डिझेल मिनीबस आणली आणि दोन उन्हाळे खपून तिचं घर केलं. मागं पलंग, मधे शेगडीचा ओटा, टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना वहिनीनं शिवलेले पडदे. हे सगळं वहिनीसाठी होतं. नोकरीभर हा लडाखपासून आसामपर्यंत हिंडला आणि ती इथं उसाला पाणी पाजत, सासूचं करत राहिली. दर सुट्टीला म्हणायचा, "सुटलो की तुला समदं दाखवतो." गाडी तयार झाली आणि त्याच साली त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

मग वहिनी शिकली. ट्रॅक्टर ती आधीपासून चालवायचीच. आता लायसन काढलं, आणि दादाकडून गाडीचं पोटही शिकून घेतलं. गुडघे दुखतात तिचे, पण क्लच असा सोडते की ओट्यावरच्या दुधाची साय हलत नाही.

एवढ्यात विट्याच्या एका गलाईवाल्यानं गाडीला मागणी घातली. विट्याकडची माणसं सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर दुकानं टाकून बसलीत, त्यांना गलाईवाले म्हणतात. याचं दुकान केरळात. बायकापोरांना घेऊन गावी ये-जा करायला त्याला असलीच गाडी हवी होती. दादा द्यायला तयार झाला. वहिनी भाकरी थापत होती, ती थांबली.

"माझं काय मग?"

"तुझ्यानं लांबचं हुईल व्हय?"

"करून दावू?"

शेवटी दादानं अट घातली. "तुझ्या माहेरच्या जत्रंला घिऊन जा. जाऊन-यिऊन गाडीला काय झालं न्हाई, तर चावी तुझी. झालं, तर गलाईवाल्याची."

"उद्या म्हनशिला मी असं बोललोच न्हवतो."

"फौजी हाय मी. शब्द म्हंजे शब्द."

वहिनी माझ्याकडं वळली. "भावजी, तुमी बी चला. साक्षीदार पायजे."

माझं या प्रवासातलं काम एवढंच होतं, हे ध्यानात ठेवा.

निघायच्या सकाळी अंगणात परीक्षा झाली. शेजारचे चारजण मिसरी लावत कठड्यावर बसले होते. दादा खुर्चीत. त्याला धड दिसत नाही, पण गाडीचं त्याला ऐकू येतं. "पहले पानी, फिर तेल, फिर चाबी," हे त्याचं फौजेतलं पाठ केलेलं. वहिनीनं पुढचं झाकाड, म्हणजे बॉनेट, उचललं, रेडिएटरवर तळवा ठेवला. "गार हाय." मग फडकं धरून तोंडाचं झाकण फिरवलं. खट. थांबली. दाबून पुन्हा फिरवलं. खट. झाकण हातात आलं.

"काय दिसतंय?"

"तोंडापातुर हाय. हिरवं हाय. खायच्या पानागत."

"गंज?"

"न्हाई."

आत साधं पाणी नसतं. कूलंट असतं, हिरवं औषध, बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात निम्मं-निम्मं करून. मी सहज विचारलं की नळाचं पाणी घातलं तर काय होतं. दादा ओरडलाच. "किटलीच्या बुडाला काय बसतंय बघितलंयस कवा? तेच रेडिएटरच्या नळ्यांत बसतंय. आन् गरम इंजनात गार पानी वतलं की हेड तडकतंय, काचंच्या पेल्यागत. आन् गरम असताना झाकण उघडलं की तोंड भाजतंय. लक्षात ऱ्हातंय का गोळ्या मोजून मोजून समदं इसरलास?"

कठड्यावरचे हसले. माझ्या लक्षात राहिलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मला उरलेली नाही.

वहिनीनं झाकण परत लावलं. "ऐका," ती मला म्हणाली, "पयल्या खटक्याला बसल्यागत वाटतंय. बसलेलं नसतंय. दुसरा खटका वाजला पायजे." तिनं तो वाजवून दाखवला. दादानं तिला तेच सगळं पुन्हा करायला लावलं, कारण कुणीतरी कठड्यावरून म्हणालं होतं की बाईच्या हाताला जोर कुठला. त्याच सकाळी मला दादाचा राग आला होता. बोललो नाही.

कऱ्हाड

खंबाटकीच्या घाटात दादा दर वळणाला एकच विचारत होता. "सुई कुठाय?"

सुई म्हणजे इंजिनाच्या तापमानाची. वहिनी म्हणायची, "मधी हाय."

"आता?"

"मगाशी हुती तितंच. तुमाला सोडून कुटं जाती ती?"

साताऱ्याच्या अलीकडं ट्रकवाले कौतुकानं हॉर्न देऊन जायचे, त्यांतले काहीजण बाई बघून मुद्दाम गाडी आडवी घालायचे. वहिनी शिवी द्यायची, पण काच वर करून, म्हणजे ऐकायला आम्ही दोघंच. दादाला तेवढं मात्र आवडायचं.

मुक्काम कऱ्हाडला, नदीच्या जवळ. एरवी आपण या गावातून नुसते जातो. उतरून राहिलं की कळतं की संध्याकाळी सगळं गाव पाण्याकडं चालत येतं आणि येताना काहीतरी खात येतं. वहिनीनं वांगी भाजली, हिरव्या मिरचीचा ठेचा केला. वासानं माणसं गोळा झाली. एका म्हाताऱ्यानं पूर्ण गाडी फिरून बघितली, पडदे सारून आत डोकावला, पलंग दाबून पाहिला.

"आन् परसाकडंला?"

"त्ये बाहीर," वहिनी म्हणाली.

"मग घर कसलं? येष्टीच झाली की."

तिला हसू आवरेना. तव्यावरची भाकरी तिनं त्याला दिली, वर भरीत. आमच्या नदीकाठच्या माणसांचं असं असतं. पाणी भरपूर, ऊस भरपूर, गप्पा भरपूर. पाहुण्याला बस म्हणायच्या आधी त्याची चेष्टा करतात. पूर्वेकडं असं नाही, ते पुढं दिसलंच.

ती खूश होती. मी एवढं खूश तिला कधी बघितलेलं नाही. हात धुताना म्हणाली, "भावजी, चावी मिळाली की पयलं गोकर्णाला जायाचं. समिंदर बघायचाय मला. ह्यांनी फोटोत दावलाय."

हे मला लिहायला फार जड जातंय, पण लिहितो.

कवठे महांकाळच्या पुढं

तासगाव ओलांडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा आणि बेदाणा सुकवायच्या हिरव्या जाळ्यांच्या शेड. त्याही मागं पडल्या की जमीन उघडी पडते. मुरूम, बाभळी, बोडक्या टेकड्या, मधेच डाळिंबाचा एखादा तुकडा. आता बऱ्याच शिवारांत कॅनॉलचं पाणी आलंय, पण वहिनीच्या माहेरची वाडी उंचावर आहे. तिथं पाणी अजून टँकरनं येतं, आणि बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही.

वहिनीचे चुलते, आप्पा, वाटेवर येऊन उभे होते. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर. आता मेंढरं थोडी, डाळिंबं जास्त. पांढरा पटका, हातात काठी, पाठीचा कणा ताठ. त्यांनी आम्हाला रामराम घातला नाही. सरळ गाडीपाशी गेले, आणि सुनेनं भरून आणलेली बादली पुढच्या चाकापाशी ठेवली.

मी बघतच राहिलो. वहिनीनं सांगितलं, "आमच्यात असंच असतंय. वाट तुडवून कोन बी आलं तर आदी त्येच्या जनावराला पानी. मग मानसाला."

आप्पा म्हणाले, "जनावर बोलून मागत न्हाई. मानूस मागतंय. म्हनून." आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "आक्का, हे जनावर लय थोराड हाय गं."

माहेरी वहिनीला आक्का म्हणतात. तिनं बादलीत हात बुडवला, चार ओंजळी पाणी चाकावर शिंपडलं, हात जोडले, आणि उरलेली बादली गोठ्यात नेऊन ओतली. आप्पांचं समाधान झालं. आमच्याकडं दारात गेलं की चहा मिळतो. तोही विचारून: घेणार का? इथं ज्यांच्याकडं पाणी नाही ते बादली भरून चाकापाशी ठेवतात. मला ते फार मोठं वाटलं. पण वहिनीनं त्या पाण्याचं नेमकं काय केलं, ते मी नीट बघितलं नाही. बघायला हवं होतं.

जत्रेचं जेवण मटणाचं. बाजरीची भाकरी, तांबडा रस्सा, आणि दुसऱ्या सकाळी हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून, दळून, ताकात शिजवलेलं पातळ गरगटं. दिसायला मातकट, पण घशाखाली गेलं की अंगात जोर येतो. मी दोन वाट्या प्यालो. आप्पा म्हणाले, "पावण्यानं आमचं माडगं पेलं, आता आमचाच झाला."

दुपारी देवाला जाऊन आलो. वहिनीनं सगळ्या भावजया, पोरंबाळं गाडीत भरली. उन्हात चढ-उतार करून गाडी वाडीत परत आली तेव्हा पत्र्याला हात लावता येत नव्हता. जेवून लगेच परतीला निघायचं होतं. सगळे आत गेले. पानं मांडली होती. मी बसायला गेलो तर दादानं सगळ्या पाहुण्यांदेखत मला उठवलं. "माझी पानाची चंची गाडीत ऱ्हायली, आन जा."

मी म्हणालो, "जेवून आणतो."

"ह्येला एवढं बी जमत न्हाई," तो आप्पांच्या मुलाला म्हणाला. "माझी बायकू गाडी चालवती, आन् ह्यो गोळ्या मोजतो."

सगळी पंगत हसली. वहिनी नाही. मी उठून बाहेर आलो, चंची शोधली आणि तिथंच उभा राहिलो. आत जायचं नव्हतं मला. कान तापले होते.

तेवढ्यात आप्पा बादली घेऊन आले. गाडी पुन्हा बाहेरून आली होती, त्यामुळं पुन्हा पाणी. त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. बादली ठेवली आणि मला म्हणाले, "पाजा, पावणं. ह्येचं तोंड कुटं असतंय त्ये तुमालाच ठावं."

मला. पंगतीत ज्याला काही जमत नाही, त्याला आप्पा विचारत होते. मी त्या क्षणी गाडीचा माणूस झालो. चाकावर पाणी शिंपडून हात जोडायचे एवढंच होतं. मी झाकाड उचललं.

झाकणावर फडकं टाकलं आणि फिरवलं. पहिला खटका. मग दाबून दुसरा. पुढं जे झालं त्याला आवाज होता एवढंच मला आठवतं. वाफ आणि उकळतं हिरवं पाणी माझ्या खांद्यावरून वर उडालं. मी मागं झालो म्हणून तोंड वाचलं, मनगट भाजलं. हिरवं सगळं मातीत. त्या मातीनं ते बघता बघता पिऊन टाकलं.

आप्पा हसले. "जनावर तापलंया. द्या त्येला पानी."

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. आत जाऊन दादाला सांगायचं, शिव्या खायच्या, गाडी गार होऊ द्यायची, डब्यातलं कूलंट भरायचं, तासाभरानं निघायचं. पण आतून हसण्याचा आवाज येत होता. मी बादली उचलली आणि गार पाणी त्या तापलेल्या इंजिनात ओतलं. सगळं. आत टिक-टिक वाजलं. मी ते ऐकलं. ते काय होतं ते मला निघायच्या सकाळच्या दादाच्या शब्दांत माहीत होतं, काचेच्या पेल्यागत. झाकण फिरवलं, एक खटका वाजला, झाकण अजून गरम होतं, हात भाजलेला होता, कुणीतरी दारात आलं. मी झाकाड पाडलं. पायानं ओली माती सारखी केली. बाही खाली ओढली. चंची घेऊन आत गेलो आणि जेवलो. जेवण गोड लागलं. हे मला अजून विसरता आलेलं नाही.

निघताना वहिनीनं झाकाड उचलून बाजूची बाटली बघितली. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं, तेव्हा त्या बाटलीतली पातळी बघतात. पातळी बरोबर होती, कारण झाकण अर्धं बसलेलं असलं की बाटलीला काही कळत नाही. तिनं जे करायचं ते सगळं केलं. आप्पा तिला खिडकीतून म्हणाले, "आक्का, तुझ्या दिरानं पाजलंय गं त्येला पानी."

"बरं झालं, आप्पा," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं, चाकावर.

चढ

तासगाव सोडून विट्याकडं येताना एक चढ आहे. फार मोठा नाही. बैलगाडीवाला उतरून चालेल इतपत.

"सुई कुठाय?"

"मधी," वहिनी म्हणाली. मग म्हणाली, "आवं, खाली यायला लागली."

"खाली? चढाला?"

नंतर मला कळलं की आतलं पाणी इतकं उडून गेलं की सुईला सांगायला काही उरलंच नव्हतं. पण वहिनीनं सुईवर विश्वास ठेवला नाही. "वास येतोय," ती म्हणाली, आणि दादा काही बोलायच्या आत गाडी बाजूला घेऊन बंद केली. त्याच वेळी पुढून पांढरी वाफ उठली. मागून येणारे दोघं मोटरसायकलवाले धावत आले, एकानं झाकाडाला हात घातला. वहिनीनं त्याचा हात धरला. "खबरदार. गार हुईस्तवर कुनी हात लावायचा न्हाई."

त्या पोरानं हात मागं घेतला. मी तिथंच मैलाच्या दगडावर बसलो होतो, बाही मनगटावर ओढून. दोन वाक्यं बोलायची होती. ती वाक्यं मी तिथं तोंडात फिरवत राहिलो आणि टेंपो आला, दोरी आली, गाडी ओढत नेली. वहिनी वाटभर स्टिअरिंग धरून बसली होती, बंद गाडीचं.

विटा

गॅरेजवाला बोलघेवडा. चहा मागवला, खुर्च्या दिल्या, आणि गाडी कोण चालवत होतं हे कळल्यावर डोळे मिचकावले. "काकू, सैपाक बी गाडीतच करता म्हनं. मग फोडणी इंजनाला कशापायी दिली?"

त्याची माणसं हसली. त्या हसण्याचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही. पण त्यांच्यावर रागवायचा मला काय हक्क होता?

गाडी गार झाल्यावर त्यानं झाकणाला हात लावला. "ह्ये बघा, साहेब. पयल्याच खटक्यावर हाय. पानी जाणार न्हाई तर काय? गॅस्केट जळालंय. हेडला तडा असंल."

दादाला दिसत नव्हतं. त्यानं झाकण हातात घेऊन चाचपलं, रबर चाचपलं. मग विचारलं, "सकाळी झाकण कुनी लावलं हुतं?"

"मी," वहिनी म्हणाली.

"कुटल्या खटक्याला?"

"दुसऱ्या."

"मग ह्ये काय? भुतानं काढलं?"

गॅरेजवाल्यानं खालचा नळ सोडला. राहिलेलं पाणी पत्र्याच्या घमेल्यात पडलं. थोडंसंच. वहिनी खाली वाकली. तिनं त्यात बोट बुडवलं आणि वर धरलं. हिरवं नव्हतं. गढूळ, पांढुरकं, तिच्या माहेरच्या बोअरचं. दादाला रंग दिसत नाही. गॅरेजवाल्याला रंगाशी देणंघेणं नव्हतं. ते बघितलं फक्त आम्ही दोघांनी. ती उठली आणि माझ्याकडं बघितलं. मग माझ्या बाहीकडं.

मी एका टायरकडं बघायला लागलो.

"बोल की," दादा तिला म्हणाला. "कुनी काढलं झाकण?"

तिनं मला पुरेपूर वेळ दिला, हे मी शपथेवर सांगतो. मग पदरानं बोट पुसलं आणि म्हणाली, "सकाळी मीच लावलं हुतं."

"बास," दादा म्हणाला. "शब्द म्हंजे शब्द."

तो मग त्या सगळ्या लोकांत तिच्यावर जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. बायकांच्या जातीवर होतं, तिच्या माहेरावर होतं, तिच्या हातावर होतं. असं बोलायचा त्याला कधीच हक्क नव्हता. झाकण तिनंच विसरलेलं असतं तरी नव्हता. त्याचा राग मला त्या दिवशी फार आला. आणि भाजलेला हात मी खिशात घालून उभा होतो. जत्रेसाठी विट्यात आलेलाच होता म्हणून गलाईवाला संध्याकाळी आला, पडदे बघितले, पलंग दाबला, खूश झाला. नवं हेड बसेपर्यंत आम्ही गॅरेजच्या अंगणात त्याच गाडीत राहिलो. वहिनीनं त्या दिवसांत भाकरी केली, वरण केलं, भांडी घासली. ठेचा केला नाही.

परत येताना गॅरेजवाल्याचा ड्रायव्हर होता. वहिनी मागं पलंगावर बसली, पडदा ओढून. कऱ्हाडला नदीजवळून गेलो तेव्हा दादा म्हणाला, "थांबायचं का गं?" मागं पडदा आणखी ओढला गेला. ड्रायव्हरनं गाणी लावली होती. खंबाटकी उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो, आणि तुम्हाला सांगायला त्या वाटेतलं मला काही दिसलेलं नाही.

अंगण

गाडी दारात उभी आहे. गलाईवाला जत्रा-लग्नं उरकून पौर्णिमेनंतर न्यायला येणार. वहिनी रोज सकाळी झाकाड उचलते. तळवा ठेवते, झाकण काढते, आत बघते, दोन खटके वाजवून बंद करते. गाडी तिची राहिलेली नाही, तरी. कठड्यावरचे म्हणतात, "काकू, आता कशाला? घोडं गेलं, लगाम धुताय व्हय?"

काल मी दुकान उघडायला निघालो होतो. ती फडकं पिळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "चाकावर वतायचं हुतं, भावजी. आप्पाला तेवढंच लागतंय."

मी पायरीवरच थांबलो. "वहिनी, तुम्ही दादाला का नाही सांगितलं?"

"मी कशाला सांगू? साक्षीदार तुमी हुता."

"दादा मला घराबाहेर काढेल."

"मला काय मिठाईचा पुडा दिला का त्येनी?"

आणि फडकं वाळत घालून आत गेली. मला तिचाही राग आला. कबूल करतो. तिनं गॅरेजातच ओरडून सांगितलं असतं तर मी सुटलो असतो, मार खाऊन का होईना. तिनं ते माझ्यावर ठेवलं. मग दिवसभर गोळ्या देताना कळत गेलं की ते होतंच माझ्यावर. तिनं फक्त उचललं नाही.

हे सगळं मी लिहू शकतो. लिहिताना समोर दादा नसतो, कठड्यावर कुणी बसलेलं नसतं. छापून आलं तरी दादाला वाचता येणार नाही, आणि वाचून दाखवणारी वहिनीच; ती हे पान त्याला वाचून दाखवणार नाही हे मला माहीत आहे. म्हणजे इथंही मी आडोसाच बघितला.

तेव्हा देणं काय राहिलंय ते साध्या शब्दांत लिहून थांबतो. पौर्णिमेच्या आत, आमच्या अंगणात, कठड्यावर माणसं बसलेली असताना, वहिनीला ऐकू जाईल अशा आवाजात मी दादाला म्हणायचं आहे: झाकण मी उघडलं, पाणी मी ओतलं, दुसरा खटका मी वाजवला नाही, चावी वहिनीची आहे. आज सकाळपर्यंत मी ते म्हणालेलो नाही.